मधला दगड गेला कुठे?

"दगड चोरीला गेलाय," असं म्हणून गवंडी खुर्चीच्या कडेवर बसला.

भाऊजींना हसू आलं. ते दातांचे डॉक्टर, पण सुट्टीच्या दिवशी वहिनींच्या मदतीला यायचे. वहिनी खाजगी तपासाची कामं घ्यायच्या, आणि भाऊजींची मदत म्हणजे डोक्याला ताप, असं त्यांचं ठाम मत होतं. आता मात्र त्या हसल्या नाहीत.

"कुठला दगड?"

"वाचनालयाच्या कमानीचा. अगदी मधला."

धरणाचं पाणी चढणार म्हणून गावाने आपलं जुनं वाचनालय दगड दगड सुटं करून टेकडीवर नेलं होतं. तिथे दर्शनी कमान आता लाकडी टेकूंवर उभी होती.

"मधला दगड बसल्याशिवाय टेकू काढता येत नाहीत," गवंडी म्हणाला. "लोक म्हणतात, मीच फोडला आणि लपवला. माझी माणसं काम टाकून बसलीत. वाचनालयाची समिती म्हणते, सिमेंटचा ओतू. तसं झालं तर मी चाललो घरी."

"दिसायला कसा आहे?"

"पाचरीसारखा. वर रुंद, खाली निमुळता. समोरून कोरा. समितीच्या शेडपाशी उतरवला होता. एकटा माणूस पहारीने लोटत नेईल, पण उचलणार नाही."

"म्हणजे लांब गेलेला नाही," वहिनी म्हणाल्या.

गवंड्याच्या माणसांचं बोट मात्र न्हाव्याकडे होतं. त्याचं दुकान खाली गावातच, वाचनालयाच्या जुन्या जागेसमोरच्या उंचवट्यावर, पाणी पोचणार नाही तिथे. पेपर वाचायला आलेली माणसं जाता जाता दाढी करून घ्यायची.

"आता पेपर टेकडीवर आणि दाढ्या घरी," गिऱ्हाईकाच्या गालावर फेस फासत तो म्हणाला. "राग आहेच मला. पण तो अख्ख्या इमारतीवर आहे हो, ताई. एक दगड ढापून माझं काय भागणार? आणि तो टेकडीवरून इथवर लोटत आणायला मला वेड लागलंय का?"

तिथून दोघं समितीच्या शेडमध्ये गेले. समितीचे अध्यक्ष म्हणजे गावाचे निवृत्त हेडमास्तर. अर्धं गाव त्यांच्या लाल पेन्सिलीखालून गेलेलं. अजूनही रस्त्यात थांबून ते दुकानांच्या पाट्यांमधले ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला लावत.

शेड पत्र्याची, खिडक्या म्हणजे पत्र्याला पाडलेली नुसती भोकं. हेडमास्तरांनी चहा दिला. भिंतीलगत चादर घातलेलं, बुटक्या बाकड्यासारखं काहीतरी होतं. भाऊजींनी त्यावर कप ठेवला. कप हळूहळू घसरत आला आणि थेट त्यांच्या मांडीवर उपडा झाला.

"इथली जमीनच उतरती आहे," हेडमास्तर घाईने म्हणाले.

वहिनींच्या हातातून पेन्सिल खाली पडली. पडली ती तिथेच राहिली.

"अंगठ्याला काय झालं, सर?" भाऊजींनी विचारलं. डाव्या अंगठ्याला भलंमोठं फडकं गुंडाळलेलं होतं.

"या इथेच, खिडकीच्या झडपेत चिमटला." हेडमास्तरांनी हात पाठीमागे नेला. "दगडाचं म्हणाल तर सिमेंट ओतू आणि विषय संपवू."

बाहेर आल्यावर भाऊजी ओली पँट झटकत म्हणाले, "न्हावीच. वस्तरा चालवणाऱ्याचा मला भरवसा नाही."

"तुम्ही तर लोकांच्या तोंडात ड्रिल चालवता, भाऊजी. जा, सगळ्यांना शेडमध्ये बोलवा."

दुपारी शेड गच्च भरली.

"दगड एकट्याला उचलता येत नाही," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे तो उतरवला त्याच्या जवळपासच असणार. आता पाचरीसारखा दगड आडवा ठेवला तर त्याची वरची बाजू उतरती राहते. म्हणून कप घसरला. जमीन उतरती असती तर माझी पेन्सिलही घरंगळली असती."

गवंड्याने चादर ओढली. खाली दगड होता.

"आणि या खिडक्यांना झडपाच नाहीत. मग अंगठा कशाने चेचला? नवशिक्याने छिन्नी धरली की हातोडी पहिली कुठे बसते, गवंडीदादा?"

"डाव्या अंगठ्यावर," गवंडी म्हणाला.

"पण सरांनी छिन्नी कशाला धरावी?" भाऊजींनी विचारलं.

"ते भिंतीकडच्या बाजूला लिहिलेलं असेल."

चौघांनी पहारी लावून दगड फिरवला. कोऱ्या दगडावर वेडीवाकडी अक्षरं होती: 'जनतेच्या आशिर्वादाने'. त्याखाली हेडमास्तरांचं स्वतःचं नाव.

कुणाला काही कळेना. मग न्हावी पुढे झाला, बोटाने अक्षरं लावत वाचू लागला आणि मध्येच थांबला. "सर, यातला 'शी' दीर्घ ना? या एका शब्दापायी तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतंत."

हेडमास्तर दगडाशेजारी खाली बसले. "नाव राहावं म्हणून चोरून कोरलं. उभं राहून वाचलं तेव्हा चूक दिसली. घासून काढीन म्हटलं, पण दगड काही खोडरबराने पुसला जात नाही." मग गवंड्याकडे वळून म्हणाले, "तुमच्यावर आळ आला आणि मी गप्प बसलो. ती चूक या चुकीहून मोठी. मला माफ करा."

गवंड्याने दगडावरून हात फिरवला. "अक्षरांची बाजू आत घेतो. मागच्या बांधकामात दडेल. कुणाला दिसणार नाही."

"नको," हेडमास्तर उठत म्हणाले. "बाहेरच ठेवा. शाळेतली पोरं येताजाता चूक काढतील. तेवढंच त्यांचं शुद्धलेखन सुधारेल."

न्हाव्याने त्यांना हात दिला आणि दोघं मिळून बाहेर गेले.

संध्याकाळच्या आत दगड बसला. गवंड्याने एकेक करून टेकू काढले. कमान उभी राहिली.

"वहिनी," परतताना भाऊजींनी हळूच विचारलं, "तो 'शी' नक्की दीर्घच असतो?"

"हो. का?"

"काही नाही. दवाखान्याची पाटी जरा रंगवून घेईन म्हणतो."