ओव्याची धुरी घेतलेलं कोकरू

मेंढी रस्त्याच्या अगदी मधोमध उभी होती आणि हलायला तयार नव्हती.

उपासनानं गाडी थांबवली. समुद्राकडून आलेलं धुकं रेडवुडच्या झाडांमध्ये अडकून राहिलं होतं आणि पाऊस म्हणावा की नुसती ओल म्हणावी, असं काहीतरी बारीक काचेवर पडत होतं. शेजारच्या सीटवर मीनाक्षीमावशी पेंगत होती.

इतक्यात धुक्यातून आवाज आला. "अगं बाई, हो ना बाजूला… लोक थांबलेत तुझ्यासाठी."

आपल्याला भास झाला असं उपासनाला वाटलं. कॅलिफोर्नियातलं त्यांचं फ्रीमाँट सकाळीच मागं पडलं होतं आणि शेवटच्या गावानंतर फोनची रेंजही गेली होती. इथं मराठी कोण बोलणार?

मावशीनं मात्र डोळे उघडले आणि काच खाली केली. "काहून त्रास देते रे ती तुला?"

रेनकोटमधला उंच माणूस जागच्या जागी थबकला. त्यानं आधी मेंढीकडं पाहिलं, मग गाडीकडं.

"तुम्ही… नागपूरच्या?"

"हो, नागपुरातल्या इंदोऱ्याची. तू?"

"चंद्रपूरचा. प्रफुल्ल. जय भीम, मावशी."

"जय भीम, बेटा. हिचे दिवस भरलेत. हिला रस्त्यावर कशाला फिरवतो?"

"मी कुठं, तीच मला फिरवतेय. गेट मी नीट लावलं होतं." मग उपासनाकडं लक्ष जाऊन तो जरा हळू म्हणाला, "बहुधा."

तो 'बहुधा' उपासनाला आवडला. का, ते तिला सांगता आलं नसतं.

"एक करता का प्लीज?" तो तिला म्हणाला. "गाडी हिच्या मागं अगदी हळू चालवाल? माणसांना ती काही किंमत देत नाही. गाडीला देते."

तर अशी ती वरात निघाली. पुढं तपकिरी मेंढी, तिची लांब लोकर ओली होऊन जमिनीपर्यंत लोंबत असलेली. तिच्या बाजूनं पाठीमागं हात बांधून चालणारा प्रफुल्ल. आणि मागं दिवे मिचकावत उपासनाची गाडी. मावशी आता पूर्ण जागी झाली होती. रेडवुड बघायला निघालो होतो हे ती केव्हाच विसरली होती.

फार्म लहानसाच होता. एक लाकडी घर, एक गोठा आणि उतारावर हिरवं कुरण. प्रफुल्ल पूर्वी ॲरिझोनात, चँडलरला, चिपच्या कंपनीत होता. ग्रीन कार्ड हातात आल्यावर त्यानं नोकरी सोडली आणि एका अमेरिकन आजीकडून हा फार्म मेंढ्यांसकट भाड्यानं घेतला. मेंढ्या आइसलँडिक जातीच्या होत्या. आखूड शेपटीच्या, डौलदार शिंगांच्या आणि स्वतःचं खरं करणाऱ्या. वसंतात त्या विऊ लागल्या की त्याचं बाकी सगळं आयुष्य बंद पडायचं.

गोठ्यात शिरल्या शिरल्या मेंढी गवतावर बसली आणि थोड्या वेळात कोकरू बाहेर आलं. दूध घालून कॉफी ढवळायची राहून जावी, तशा रंगाचं. प्रफुल्लनं त्याच्या नाळेला आयोडीन लावलं आणि ते आईच्या तोंडाशी ठेवलं. तिनं दोन-तीनदा चाटलं. तेवढ्यात खालच्या कुरणातून दुसरी एक मेंढी कळवळून ओरडली.

"तिचं अडलंय वाटतं," तो म्हणाला. "यांच्याकडं फक्त लक्ष ठेवा. मी आलोच."

तो गेला, आणि इथं जे व्हायचं ते झालं.

मीनाक्षीमावशीनं अर्ध्या इंदोऱ्याची बाळं न्हाऊ घातली होती. उपासनाच्या बहिणीला, हर्षिताला, मुलगी झाली म्हणून ती एवढं विमान चढून आली; पण हर्षितानं बाळाला पाण्याला लावू दिलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, नाळ पडेपर्यंत नुसतं पुसायचं. तेल नको. धुरी तर नकोच, स्मोक अलार्म वाजतो. मावशी रुसली. तिचं मन रमवायला म्हणून उपासना तिला फिरायला घेऊन निघाली होती. तिळाच्या तेलाची बाटली आणि ओव्याची पुडी मात्र मावशीच्या पिशवीत अजून तशीच होती.

कोकरू थरथरत होतं. त्याची आई पुन्हा आडवी होऊन कण्हत होती; वार पडायची होती.

"गारठलंय गं बाळ," मावशी म्हणाली.

"मावशी, त्यानं फक्त लक्ष ठेवा म्हटलंय."

"मग हे काय करतोय आपण?"

प्रफुल्ल परत आला तेव्हा चिखलानं माखलेला होता आणि खुशीत होता. खाली जुळी झाली होती. तो घराच्या दारातच थांबला. घरातल्या शेगडीशेजारी मावशी पाय पसरून बसली होती. तिच्या पायांवर, उपासनाच्या स्वेटशर्टमध्ये गुंडाळलेलं, रेशमासारखं चकाकणारं कोकरू होतं. कोमट पाण्यानं न्हालेलं, तेल जिरवलेलं, शेकलेलं. सगळं घर ओव्याच्या धुरानं दरवळत होतं.

त्यानं तो वास हुंगला. त्याच्या चेहऱ्यावरची खुशी उतरली.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही… छान दिसतंय." त्यानं कोकरू उचललं. "चला, आईकडं नेऊ या."

आईनं त्याला हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग डोकं खाली घालून तिनं त्याला असं ढकललं की ते गवतावर कोलमडलं. ते उठून परत तिच्याकडं गेलं, आणि तिनं परत ढकललं.

"मेंढी पिल्लाला डोळ्यांनी ओळखत नाही," प्रफुल्ल हळू आवाजात म्हणाला. "व्याल्याबरोबर चाटून चाटून त्याचा वास पाठ करते. त्या वासाचं जे पिल्लू, ते तिचं."

"आणि आम्ही तो धुऊन टाकला," उपासना म्हणाली.

मावशी एका पालथ्या बादलीवर खाली बसली. एरवी तिला गप्प बसवणं कुणाला जमत नसे. प्रफुल्ल तिच्यापुढं उकिडवा बसला.

"मावशी, न्हाण फार चांगलं झालंय. माझ्या एकाही कोकराचे केस असे चमकले नाहीत. मीच नीट सांगून जायला हवं होतं."

उपासनानं त्या वेळी त्याच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याच्या भुवईवर चिखल वाळला होता. रागवायला एवढं चांगलं कारण हातात असताना न रागावणारा माणूस तिनं बरेच दिवसांत पाहिला नव्हता.

"हिनं घेतलंच नाही त्याला, तर?" तिनं विचारलं.

"तर बाटलीनं पाजावं लागेल. दिवसभर, सारखं. अजून निम्म्या मेंढ्या विणार आहेत आणि मी एकटा. मला ते देऊन टाकावं लागेल कुणाला तरी… कळपाबाहेर." त्यानं मेंढीकडं पाहिलं. "एक उपाय आहे. हिला धरून ठेवायचं आणि त्याला पाजायचं. हिचंच दूध त्याच्या पोटातून गेलं की दोन-तीन दिवसांत त्याच्या अंगाला हिचा वास येऊ लागतो. मग कधीकधी घेतात. पण त्याला दोन माणसं लागतात."

"मी थांबते," उपासना म्हणाली.

"अहो, तुमचं ऑफिस?"

"शुक्रवारी इथून लॉग इन करीन. सोमवारी मात्र जावंच लागेल. वाय-फाय आहे ना?"

"आहे. बहुधा."

मावशीनं डोळे पुसले आणि वर पाहिलं. "झाडं काय, कुठं पळून जात नाहीत," ती म्हणाली. "तुझ्याकडं डाळ-तांदूळ आहे का रे?"

मेंढीची शिंगं धरून बसणं म्हणजे काय, ते उपासनाला पहिल्याच खेपेला कळलं. मेंढीनं तिला गवतावरून ओढत नेलं. दुसऱ्या खेपेला तिनं गुडघा भिंतीला टेकवला आणि शिंगं पकडून ठेवली. प्रफुल्ल पलीकडून कोकराचं तोंड आचळाला लावत होता. कोकरू चुकत होतं, शोधत होतं, आणि मग एकदम त्याची आखूड शेपटी थरथरू लागली.

"लागला चीक प्यायला," तो म्हणाला.

मेंढीच्या पाठीवरून दोघांची डोकी जवळजवळ टेकली होती. ते लक्षात आल्यावर दोघंही थोडी मागं सरकली… आणि मेंढी सुटली.

"मागं सरकायचं नाही," तो म्हणाला. "हिच्या सेफ्टीसाठी म्हणतोय."

"हो का? हिच्या?"

त्याचे कान लाल झाले. "हिच्याच."

"नाव काय हिचं?"

"नीलांबरी."

"ही तर तपकिरी आहे."

"नाव ठेवलं तेव्हा अंधार होता."

ती इतकी हसली की मेंढी पुन्हा सुटली.

शुक्रवारच्या मीटिंगला ती गोठ्यातूनच बसली. मॅनेजरनं विचारलं, मागं काय आवाज येतोय. ती म्हणाली, फॅमिली इश्यू आहे. कॅमेरा बंद केल्यावर प्रफुल्लनं तिच्या केसात अडकलेली गवताची काडी काढली. काढली खरी, पण पुढं तिचं काय करायचं ते त्याला कळेना. तो काडी हातात धरून उभा राहिला आणि शेवटी ती त्यानं स्वतःच्या खिशात घातली.

"मेंढ्यांच्या बेडिंगला गवत कमी पडतंय का यार तुला?" ती म्हणाली.

'तू' कधी सुरू झालं, ते दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"तू मेंढ्यांशी मराठीत का बोलतोस?" तिनं त्या दिवशी विचारलं.

"आधी इंग्लिशमध्ये बोलायचो. मग एकदा लक्षात आलं, की महिनाभरात मी मराठीत एकही शब्द बोललो नाहीये. घरी फोनवर तर नुसतं 'हो' आणि 'जेवलो'." त्यानं कोकराच्या हनुवटीवरचा फेस बोटानं पुसला. "यांना सांगितलं की निदान कुणाला तरी सांगितल्यासारखं होतं."

"त्या काय म्हणतात?"

"चघळतात. तू निदान हसतेस."

तिनं शिंगं एका हातानं धरली आणि दुसरा हात लोकरीत टेकवला. त्याचा हात लोकरीत खोलवर होता, तिचाही. बाहेरची लोकर खरखरीत आणि ओली, आतली मऊ आणि गरम. त्या आतल्या उबेत कुठंतरी त्यांची बोटं एकमेकांना लागली आणि दोघांनीही ती तिथंच राहू दिली. बाहेर पागोळ्या गळत होत्या. नीलांबरी चघळत होती.

शनिवारी आणखी मेंढ्या व्यायल्या आणि प्रफुल्लची पळापळ झाली. तरी पाजण्याच्या वेळेला तो बरोबर हजर व्हायचा. मावशीनं घराचा ताबा घेतला होता. तिची भाकरी तव्यावर टम्म फुगलेली बघून त्यानं एकदा पाठ फिरवली आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मावशीनं ते पाहिलं आणि त्याच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

रविवारी पहाटे उपासना एकटीच गोठ्यात गेली. धुकं निवळलं होतं. फळीवरून वाकून तिनं पाहिलं आणि ती तशीच थांबली.

नीलांबरीला कुणी धरलेलं नव्हतं. ती उभी होती आणि कोकरू तिच्या पोटाखाली डोकं खुपसून पीत होतं. मान वळवून तिनं त्याच्या शेपटीखाली हुंगलं आणि तोंड न उघडता घशातल्या घशात एक घरघरता, मऊ आवाज काढला. मेंढ्या हा आवाज फक्त आपल्या पिल्लासाठी काढतात, असं प्रफुल्लनंच तिला सांगितलं होतं.

उपासनाला आनंद झाला. डोळे भरून येण्याइतका झाला. आणि त्याच्या अगदी पाठोपाठ दुसरं काहीतरी आत खाली बसलं. आता इथं दोन माणसं लागणार नव्हती.

ती घरात आली, हात धुतले, आणि गप्प राहिली.

न्याहारीनंतर प्रफुल्ल दारात येऊन म्हणाला, "चल… धरायचं ना?"

"हो," ती म्हणाली. "धरू या."

दोघं आपापल्या जागी बसली. तिनं शिंगं धरली. त्यानं कोकराला आचळाशी नेलं; खरं तर कोकरूच त्याचा हात ढकलून पुढं गेलं. नीलांबरी दगडासारखी स्थिर उभी होती.

"आज बरीच शांत आहे," उपासना म्हणाली.

"हो ना. पण भरवसा नाही. सोडू नकोस."

"नाही सोडत."

मावशी चहाचे कप घेऊन आली आणि थोडा वेळ नुसती बघत राहिली.

"काल दुपारपासून पाजते आहे ती त्याला," मावशी म्हणाली. "मला खिडकीतून दिसते ना. तुम्ही दोघं काहून तिला धरून बसले?"

मावशीनं कप फळीवर ठेवले. "बाप्पा," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

कोकरू चुटूचुटू पीत राहिलं.

"मला माहीत होतं," प्रफुल्ल शेवटी म्हणाला.

"कधीपासून?"

"कालपासूनच."

"काल? संध्याकाळी माझे हात भरून आले होते, प्रफुल्ल."

"सॉरी. खूप वेळा सांगणार होतो. पण सांगितलं की तू बॅग भरणार…" तो कोकराकडंच बघत बोलत होता. "तुला दोष नको लागायला, म्हणून हिनं ते लवकर घ्यावं असं वाटायचं. आणि घेऊच नये असंही वाटायचं. असलं कधी वाटलं नव्हतं मला."

"मी पहाटे पाहिलं," ती म्हणाली. "मीही नाही बोलले."

आता त्यानं वर पाहिलं.

"तू थांब असं म्हणायला माझ्याकडं काही कारणच उरलं नाही," तो म्हणाला.

"कारणाशिवाय म्हणून बघ."

त्याला वेळ लागला. तिनं घाई केली नाही.

"थांब," तो म्हणाला.

"उद्या जावं लागेल." त्याचा चेहरा पडू लागला तसा तिचा आवाज अजून मऊ झाला. "शुक्रवारी येईन. लॅपटॉप घेऊन. आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. मावशीला विचारायचं कामच नाही, ती आता रेडवुडचं नाव काढत नाहीये."

"नक्की?"

"बहुधा नाही. नक्की."

त्यानं हात पुढं केला. तो घ्यायला उपासनानं नीलांबरीची शिंगं सोडली, आणि मेंढी होती तिथंच उभी राहिली.