मधे काही नाही

हे काम घेतलं तेव्हा त्यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. मालकांच्या घरात इंटरनेट होतं, चांगलं वेगवान. ते अंगणापलीकडच्या त्यांच्याच दुसऱ्या इमारतीत न्यायचं होतं. तिथे नवे भाडेकरू आले होते, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी माणसं, आणि नेट नाही म्हणून त्यांनी मालकांचं डोकं खाल्लं होतं. अंगणातली नवी फरशी खोदू देणार नाही, असं मालकांनी आधीच बजावलं. मग वायरीवाचून न्यायचं, म्हणजे दोन डिश. एक घराच्या भिंतीवर, एक पलीकडच्या इमारतीच्या, एकमेकींकडे तोंड करून. मधे झाड, भिंत, काही येता कामा नये. एवढं जमलं की झालं.

जागा मालकांनीच दाखवली. दोन्हीकडे दुसऱ्या मजल्यावर एकेक दार होतं, थेट हवेत उघडणारं. उंबऱ्याखाली कापलेल्या लोखंडाचे तुकडे भिंतीतून बाहेर आलेले. पूर्वी इथे ये-जा करायला पूल होता, ते म्हणाले, आता लागत नाही. मी त्या दारांना लागूनच, छातीच्या उंचीवर, डिश बसवल्या.

डिश जुळवताना यंत्र एक सूर देतं. नीट जुळलं की तो एका पट्टीत वाजत राहतो. संध्याकाळी मी पलीकडच्या इमारतीच्या उघड्या दाराशी बसून तो ऐकत होतो. उजेड जात आला होता. समोरच्या घरात ताटं मांडल्याचा आवाज अंगणावरून स्पष्ट येत होता. आणि सूर तुटला.

लगेच आला. पुन्हा तुटला. आला. सावकाश, पाऊल टाकावं तसा. मी बाहेर पाहिलं. समोरची डिश लख्ख दिसत होती, मधे काही नाही. वाराही पडलेला. फक्त धुऊन वाळवलेल्या सुती लुगड्याचा वास माझ्या खांद्याला घासून पुढे गेला... आधी सूर पुरता तुटत होता, मग कमी, मग आणखी कमी, दूर जाणाऱ्यासारखा. आणि मग एकदम सरळ वाजू लागला. आडवं आलेलं जे काही होतं, ते समोरच्या घरापर्यंत पोचलं नव्हतं. मधेच संपलं होतं.

मी वायर बदलली, यंत्र बदललं, डिशचे स्क्रू पुन्हा आवळले. रोज जेवणाच्या वेळेला तेच. भाडेकरू वैतागले. शेवटी मी मनाचा हिय्या करून मालकांना सांगितलं, की साहेब, कुणीतरी मधून चालत गेल्यासारखं होतंय. ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. दात कोरत होते, ते थांबले.

"वर घे," ते म्हणाले. "हातभर वर घे. तिची उंची फार नव्हती."

ती म्हणजे कोण, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही.

ते मला वहिनींनी सांगितलं, मालकांच्या बायकोने. घरातल्या त्या दाराशी मी शिडीवर चढलो होतो आणि त्या शिडी धरायला आल्या होत्या. खालच्या आवाजात, वर न बघता बोलत होत्या. पलीकडची इमारत वन्संची, म्हणजे मालकांच्या थोरल्या बहिणीची. तिकडे त्या एकट्या राहायच्या. डोळे हळूहळू गेले होते, पण जेवायला रोज इकडे यायच्या, पुलावरून, कठड्याला हातसुद्धा न लावता. मालकांना ती इमारत भाड्याने द्यायची होती आणि वन्सं हलायला तयार नव्हत्या. एकदा त्यांना चार दिवस नात्यातल्या कुणाकडे पाठवलं आणि तेवढ्यात पूल कापून नेला. वन्सं परत आल्या त्या खालच्या दाराने, वर आपल्या खोलीत गेल्या. संध्याकाळ झाली. पूल काढलाय हे सांगायचं राहून गेलं, असं मालकांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

"पण हाक यांनीच मारली," वहिनी म्हणाल्या. "या दारात उभं राहून. ताई, जेवायला ये..."

मी पट्टी ठोकायची थांबवली होती.

"तुम्ही कुठे होता?"

"मी ताटं मांडत होते."

डिश हातभर वर गेल्या. काही आठवडे कुणाची तक्रार नव्हती. मग मालकांचा फोन आला, की पुन्हा तुटतंय. मी जाऊन पाहिलं तर खरंच, त्या नव्या उंचीवरही तेच. ती हात वर करून चाचपत येत असेल, असं माझ्या मनात आलं. मालक म्हणाले, आणखी वर घे, हवा तेवढा लांब खांब लाव, तुझं काय जातंय?

पलीकडची डिश उंच करून मी घराच्या बाजूला आलो. इथली डिश काढायला हात लांबवला, आणि तसाच राहिला. डिशच्या तोंडावर धुळीत बोटं उमटली होती. बाहेरच्या अंगाने, जिथे माणसाला उभं राहायला जागा नाही तिथे. एकावर एक, हलक्या हाताने, कुणी ओळखीचा चेहरा चाचपून बघावा तशी. तिथून ते ठसे भिंतीवर आले होते आणि भिंतीवरून उंबऱ्यावर. पुढे आत काय होतं, ते मी पाहिलं नाही.

डिश वर नेली, यंत्र लावलं. संध्याकाळ झाली, ताटं वाजली, सूर सरळच राहिला. दुसऱ्या दिवशीही. आता मधे कुणीच येत नव्हतं.

मालक खूश झाले. मोबाईल नाकाला टेकेल इतका जवळ धरून त्यांनी वेगाचा आकडा वाचला, डोळे चोळून पुन्हा वाचला. सुटलो एकदाचे, म्हणाले. मी मान हलवली आणि सामान आवरलं.

वहिनी फाटकापर्यंत आल्या. झोप नसलेला चेहरा. घराकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"रात्री माझ्या तोंडावरून हात फिरतो," त्या म्हणाल्या. "कपाळ, नाक, हनुवटी... मी आहे असं कळलं की वन्सं हात उचलतात. मग पलीकडे, यांच्याकडे जातात."

"साहेबांना जाग येत नाही?"

"नाही. मीही सांगितलेलं नाही."

"आणि मग?"

त्यांनी फाटकाची कडी लावून घेतली, मला बाहेर ठेवून.

"मग हात तिथेच राहतो," त्या म्हणाल्या. "सकाळपर्यंत. यांच्या डोळ्यांवर."