हेतुपुरस्सर

रेल्वेची तिकिटं बंद होऊन सहा वर्षं झाली होती. फलाटाच्या दारावरचं यंत्र आता प्रवाशाचा मेंदू वाचून तो कुठे निघालाय ते नोंदवत असे. आपण काही करायच्या क्षणभर आधी मेंदूत त्याची तयारी सुरू होते, आपल्या लक्षात यायच्याही आधी. हा सूक्ष्म विद्युतसंकेत टिपणाऱ्या यंत्राला 'हेतुमापक' म्हणत. चुकून भलत्या गाडीत बसलेल्याला माफी होती. मुद्दाम बसलेल्याला वर्षभर प्रवासबंदी.

लातूरला निघालेल्या कुमुद डहाके अकोल्याला नागपूरच्या गाडीत चढल्या. बडनेऱ्याला त्यांना उतरवण्यात आलं. यंत्राचा शेरा होता: 'हेतुपुरस्सर'.

"मी चुकले," कुमुदताई म्हणाल्या. "बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे सांगायची लाज वाटते. पण चुकलेच. ही शिक्षा मला मान्य नाही."

आजवर कुणी अशी हरकत घेतली नव्हती. म्हणून ज्यांनी हे यंत्र बनवलं, त्या डॉ. नसीम पटवेकर स्वतः सुनावणीला आल्या. त्यांनी पडद्यावर एक आलेख दाखवला.

"ही उसळी बघा, बाई. फलाटावर घोषणा झाली. लातूरचं नाव ऐकताच तुमच्या मेंदूनं पाय मागे घेतला. मग नागपूरची गाडी आली आणि तुम्ही चढलात. तुम्हाला कळायच्या पाऊण सेकंद आधी निर्णय झाला होता."

"कुणाचा निर्णय?"

"तुमचाच."

"मला न विचारता?"

पटवेकरांना हसू आलं, पण कुमुदताई हसत नव्हत्या.

"लातूरला काय आहे?" पटवेकरांनी विचारलं.

"माझा थोरला भाऊ. चौदा महिने बेशुद्ध आहे, यंत्रावर श्वास घेतोय. शुद्धीत होता तेव्हा माझा हात धरून म्हणाला होता, कुमे, मला असं लोळवत ठेवू नकोस. त्याला माझ्याशिवाय कुणी नाही. यंत्र काढायच्या कागदावर सही करायला निघाले होते."

पटवेकरांचा आवाज खाली आला. "मग उलगडा झाला. तुम्हाला जायचंच नव्हतं. एवढं मान्य करा, मी बंदी महिनाभरावर आणते."

"नव्हतंच जायचं! हौसेनं कोण जाईल अशा कामाला? जावंसं वाटत नव्हतं, तरी घरातून निघाले ना? कुलूप लावलं, पिशवी भरली, स्टेशनावर आले. तुमच्या यंत्राला ती पाऊण सेकंदाची भीती तेवढी दिसली. ती भीती ओलांडून चालत आलेली बाई दिसली नाही. मी ती बाई आहे, डॉक्टर."

"यंत्राला असा फरक करता येत नाही," पटवेकर म्हणाल्या.

"मग ते दारावर कशाला लावलंत?"

समोर आलेल्या कबुलीच्या कागदाला कुमुदताईंनी हातही लावला नाही. वर्षभराची बंदी कायम झाली. त्या थेट एसटी स्टँडवर गेल्या आणि दोन गाड्या बदलून दुसऱ्या दिवशी दुपारी लातूरला पोचल्या.

दादांच्या कपाळावर हात ठेवून त्या जरा वेळ बसल्या. मग डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी कागद मागितला. तरुण डॉक्टरांनी कागदाबरोबर एक पातळ पट्टी पुढे केली.

"ही कपाळाला लावा, मावशी. गेल्या महिन्यापासून नियम आहे. दडपणाखाली कुणी सही करू नये, म्हणून संमती मनापासूनची आहे का ते तपासतात."

कुमुदताईंनी पट्टी लावली. ठळक अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं.

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "तुमची संमती नाही, मावशी."

"नाव वाचता येतं ना तुम्हाला?"

"येतं. पण ही सही ग्राह्य धरता येणार नाही."

"नवा कागद द्या," कुमुदताई म्हणाल्या.

याला आज अकरा दिवस झाले. दादांचा श्वास यंत्रावर चालू आहे. कुमुदताई रोज सकाळी सही करतात, आणि ती त्यांची नाही असं यंत्र रोज सांगतं.