तासभराचं काम

एसी राहू दे, बंटी. आधी ऐक, मग बंद करायचा की नाही ते ठरव.

मस्कतकडे आमच्या कंपनीत स्टॅन्ली म्हणून एक साहेब होता, वसईचा. टाय लावायचा, बोलायचा गोड. आतून नासका नारळ! पंधरा जून दोन हजार एक, शुक्रवार, रात्रीचे सव्वाअकरा. हा रुस्ताक गावाला गेला होता, अर्बाबच्या, म्हणजे आमच्या अरब मालकाच्या, बंद घराच्या मीटरचा आकडा उतरवायला. एवढंच काम.

त्या घराला करमाफी होती. घर रिकामं आणि मोठी दुरुस्ती चालू, म्हणून. अट अशी की आत कोणी राहता कामा नये आणि मीटरचा आकडा पुढे सरकता कामा नये. शनिवारी सकाळी तपासनीस यायचा होता. माफी गेली तर तुझा व्हिसा कॅन्सल, असं अर्बाबने स्टॅन्लीला तोंडावर सांगितलेलं. मग हा दीडशहाणा दर वर्षी एकच भिंत पाडायचा आणि तीच परत बांधून घ्यायचा. झाली मोठी दुरुस्ती!

रिकामं म्हणे. मागच्या खोलीत यूनुस राहायचा, दापोलीचा फरशीवाला. कंपनीला त्याच्या खोलीचं भाडं पडू नये म्हणून स्टॅन्लीनेच त्याला तिथे कोंबला होता. घराचा फ्यूज काढलेला. यूनुसचा एसी चालायचा तो शेजारून चोरून ओढलेल्या वायरीवर.

आदल्या वर्षी, तपासणीच्या दिवशी, स्टॅन्लीने ती वायर काढली. यूनुसला आत घालून बाहेरून कुलूप ठोकलं.

“साहेब, आत जीव जाईल हो,” यूनुस म्हणाला.

“गप बस रे. तासभराचं काम आहे.”

तपासनीसाने सही केली. स्टॅन्ली तो कागद मिरवत मस्कतला गेला, रात्री पार्टी झोडली. किल्ली खिशात. आठवण झाली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी... जूनमधलं ऊन तुला मी काय सांगू.

बरं, घर कागदावर रिकामं. मग तिथे माणूस मरेल कसा? यूनुस दुसऱ्याच साइटवर मेला, असं लिहून मोकळे झाले. थू असल्या माणसांवर! मी त्याच कंपनीत इलेक्ट्रिशियन होतो. मीही गप्प बसलो. थू माझ्यावरही.

तर ती रात्र. स्टॅन्लीने मीटरवर टॉर्च मारला.

चकती फिरत होती.

हळूहळू. एका एसीवर फिरावी तशी.

त्याने खिसा चाचपला. फ्यूज खिशातच होता.

मागून घरघर ऐकू आली. तो बोळाने मागे गेला. दाराला तेच कुलूप. दाराखालच्या फटीतून पायांवर गार हवा... जूनमध्ये.

“कोण आहे?”

घरघर थांबली.



मग अगदी दाराजवळून, दबक्या आवाजात...

“साहेब... झाला का तास?”

गाडी तिथेच टाकून तो पळाला. सकाळी तपासनीसाने मीटर पाहिला. आकडा पुढे गेलेला. माफी खलास. आठवड्यात अर्बाबने याला विमानात बसवलं. जायच्या आधी माझ्यापुढे लहान पोरासारखा रडला आणि हे सगळं बोलला. मला कीव आली नाही.

मीटर काढायला मलाच धाडलं. मी ती खोली उघडून पाहिली. एसी वर्षापूर्वीच काढून नेलेला. भोकात विटा. जमिनीवर बोटभर धूळ, एकसुद्धा पाऊल उमटलेलं नाही.

मीटर भंगारात टाकवेना. मी दोन्ही वायरी मुळापासून कापल्या आणि तो घरी आणला. त्या तिथे, कपाटाच्या खालच्या खणात आहे. एरवी मेल्यासारखा पडून असतो.

आज तारीख काय रे, बंटी? पंधरा जून ना... घड्याळ बघ.

उठू नकोस. नुसतं ऐक. चकतीचा आवाज येतोय बघ.

आता सव्वाबारापर्यंत फिरेल. दर वर्षी बरोबर तासभर.