आखाजीचे पाहुणे

अमळनेरच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद. ज्याचा रुमाल, त्याची जागा. द्वारकाने त्या दुपारी रुमालाऐवजी फळा टाकला होता... काळ्या कापडाचा, काठीला गुंडाळलेला, तिच्या प्रौढ शिक्षण वर्गाचा नवा कोरा फळा. गर्दीतून वाट काढत ती आत पोचली, तर फळा एका तरुणाच्या मांडीवर आणि तरुण तिच्या जागेवर.

“उठा. जागा माझी आहे.”

“रुमाल तर कुठं दिसला नाही.”

“फळा दिसला ना?”

“फळ्यानं जागा धरतात हे माहीत नव्हतं,” तो उठला, पण हसत उठला. “बसा. मी आपला उभ्यानं शिकतो.”

गाडी सुटली. वरच्या दांडीला त्याने एक हात अडकवला. मग वाकून म्हणाला, “निंबखेड्याला उतरणार का तुम्ही? तिथल्या बायकांच्या वर्गाच्या बाई कशा आहेत हो? आमच्या ऑफिसात म्हणतात, फार करड्या आहेत.”

द्वारकाने खिडकीबाहेर पाहिलं. “ऐकून आहे. बसलेल्या माणसाला उठवतात म्हणे.”

त्याने फळ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. निंबखेडे येईपर्यंत तो खिडकीबाहेरच्या बाभळी मोजत राहिला. द्वारकाला मात्र त्या दिवशी गाडीतल्या गर्दीचा, धुळीचा, उन्हाचा काही म्हणता काही त्रास झाला नाही.

त्याचं नाव पंडित. गाव पिंपळकोठे, म्हणजे बोरी नदीच्या पलीकडच्याच काठावरचं. पुण्यात शिकून आता जळगावच्या प्रौढ शिक्षणाच्या ऑफिसात नोकरीला लागला होता आणि इंग्रजी चांगलं म्हणून एक मोठं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. परदेशांतून पाच पाहुणे येणार होते. आपापल्या देशात मोठ्या माणसांना शिकवणारे. निरनिराळ्या धर्मांची माणसं एका फळ्यासमोर कशी बसतात, हे त्यांना बघायचं होतं. त्र्याण्णव सालचा उन्हाळा होता. मुंबईहून आलेल्या दंगलींच्या बातम्यांनी त्या हिवाळ्यात सगळ्यांचीच तोंडं उतरली होती, त्यामुळे असं काही बघायला कोणी येतंय याचंच गावाला अप्रूप वाटलं. आणि साऱ्या जिल्ह्यातून वर्ग निवडला होता तो द्वारकाचा. निंबखेड्याच्या बाया त्या बातमीने वीतभर उंच झाल्या होत्या.

वर्ग भरायचा हसीनाबीच्या ओट्यावर, निंबाच्या सावलीत. हसीनाबी बांगड्या विकायची. तिच्या शेजारी ताईबाई बसायची. दोघींचं रोज भांडण व्हायचं, पण ते धर्मावरून नाही, नळावरून.

दुसऱ्या दिवशी पंडित ओट्यावर आला. पाहुण्यांची सगळी हकीकत सांगितली, आणि मग स्वतःवर खूश होऊन म्हणाला, “तारीख मी मुद्दाम सुटीची घेतलीय. त्या दिवशी शेतात मजुरी नाही, बाजार नाही. तुम्ही सगळ्या मोकळ्याच असाल.”

त्याने तारीख सांगितली. ओट्यावरच्या बायांनी तोंडाला पदर लावले.

“भाऊ,” हसीनाबी म्हणाली, “त्या दिनले तर आखाजी शे. मनी पोर नसीम चाळीसगावथून येई राह्यनी. मी वर्गमा बसू का पोरनं तोंड दखू?”

“वरीसमा एकच दिन बाईना शे,” ताईबाईने पुस्ती जोडली. “तो बी सरकारले पाहिजे का?”

खानदेशात दिवाळी एक वेळ चुकेल, आखाजी चुकायची नाही. सासरी गेलेल्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात. झाडाझाडाला झोके बांधतात, सांजोऱ्या तळतात, गौराईची गाणी म्हणतात. आणि हा पिंपळकोठ्याचाच माणूस कॅलेंडरवर ‘अक्षय्य तृतीया’ वाचून सुटी समजून बसला होता.

“नाव पंडित,” द्वारका म्हणाली, “आणि आखाजी माहीत नाही?”

तो हसला नाही. “आमच्याकडे आखाजी कधी... म्हणजे, मला बहीण नाही. आई मी लहान असतानाच गेली. आमच्या घरी त्या दिवशी कोणी येत नाही, घरातून कोणी जात नाही. वडील पत्ते खेळायला जातात. मी झोपतो.”

द्वारकाच्या ओठांवर आलेला पुढचा टोमणा तिथेच थांबला. आपण फार बोललो असं तिला वाटलं, आणि असं तिला सहसा वाटत नसे.

पाहुण्यांची तिकिटं निघाली होती. आदल्या दिवशी अजिंठा, त्या दिवशी इथे आणि मुक्कामाला धुळं. दिवस हलणार नव्हता. चार दिवसांनी पंडित पुन्हा आला, तो पडलेल्या चेहऱ्याने.

“साहेब म्हणतात, पाहुण्यांना पिंपळकोठ्याच्या पुरुषांच्या वर्गावर न्या. तासभर पत्ते बाजूला ठेवायला लावू.”

“म्हणजे आमचा वर्ग रद्द?”

“बाया वर्गात बसणार नाहीत ना त्या दिवशी.”

“नाही बसणार.” द्वारकाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “पंडितराव, या बायांनी वर्षभर राबून आल्यावर पाटी धरलीय. ताईबाईचं बोट अक्षरावर वळेना तेव्हा ती रडलीय माझ्यासमोर. जिल्ह्यातून त्यांचं नाव निघालं तर गावात ताठ मानेनं चालायला लागल्या. आता त्यांना सांगू, की तुम्ही सण करता म्हणून तुमच्याकडे कोणी येत नाही?”

“मग काय करू?”

“पाहुणे आखाजीला येणार ना? मग आखाजीलाच येऊ द्या. झोक्याखाली. नदीवर.”

“नदीवर...” पंडितच्या कपाळावर आठी पडली. नदीवर काय होतं ते त्यालाही ऐकून माहीत होतं. संध्याकाळी गौराई घेऊन दोन्ही गावच्या बाया आपापल्या काठावर उभ्या राहतात, मधे बोरीची कोरडी वाळू, आणि मग गाण्यांतून एकमेकींच्या गावाचा असा उद्धार करतात की ऐकणाऱ्याने कानात बोटं घालावीत. “ते लोक एकोपा बघायला येताहेत, द्वारकाबाई. त्यांना शिव्या ऐकवू?”

“शिव्या कोण कोणाला देतं ते नीट समजावून सांगा. इंग्रजी येतं ना तुम्हाला?”

त्याने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, “साहेबांशी मी बोलतो.”

काय बोलला ते त्याने कधी सांगितलं नाही. पण वर्ग रद्द झाला नाही. मधल्या दिवसांत मात्र तो निंबखेड्याला जरा जास्तच येऊ लागला. कधी पाहुण्यांना पाणी कुठलं द्यायचं ते ठरवायला, कधी जीप कुठे उभी करायची ते पाहायला. एकदा तर नुसताच आला.

“आज काय काम काढलंत?” द्वारकाने विचारलं.

“आज...” तो अडखळला. “आज काही आठवलं नाही गाडीत.”

हसीनाबीने ताईबाईला कोपर मारलं. द्वारका पाठ वळवून फळा पुसू लागली, आणि फळा आधीच कोरा होता.

आखाजी उजाडली. जीप आली, त्यातून पाचजण उतरले. त्यांत सगळ्यात वयस्कर होत्या फिनलंडच्या हेल्मीबाई, पांढऱ्या केसांच्या, उन्हाने टोमॅटो झालेल्या. द्वारकाचे वडील अभिमन आबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून सामोरे गेले. निंबाला आणि चिंचेला झोके होते. पोरी उंच जात होत्या, खाली काही बाया घागरी भरत होत्या, सांजोऱ्या वाटत होत्या.

हेल्मीबाईंनी हे सगळं निरखून पाहिलं आणि पंडितला काहीतरी विचारलं. पंडितने द्वारकाकडे पाहिलं. “त्या म्हणतात, दोन गट स्पष्ट दिसताहेत. झोक्यावरच्या एका धर्माच्या आणि काम करणाऱ्या दुसऱ्या धर्माच्या, असं आहे का?”

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. उत्तर हसीनाबीने दिलं. “त्यासले सांग भाऊ, झोकावर लेकी शेतस आनि पाणीवर सुना. आज गावमा दोनच जाती.”

झोक्यावर तिची नसीम होती आणि तिच्यामागे उभी राहून झोका देणारी ताईबाईची मुलगी. पाण्यावर ताईबाईची सून होती आणि हसीनाबीचीही, दोघी नणंदांसाठी यंदा माहेरी न जाता थांबलेल्या. पंडितने ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा हेल्मीबाईंनी लिहायचं थांबवलं. वही मिटून पिशवीत टाकली. मग ताईबाईने त्यांना खाली बसवलं, हातात खडू दिला आणि त्यांचा हात धरून पाटीवर त्यांच्या नावाचं ‘हे’ गिरवून घेतलं. मात्रा चुकली तशी पुसून पुन्हा काढायला लावली. वर्षभर द्वारकाने तिला जसं शिकवलं होतं, अगदी तसंच. द्वारकाचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत. तिला त्या घटकेला तिच्या बायांचा इतका अभिमान वाटला की छातीत मावेना.

ऊन कलल्यावर सगळे नदीवर गेले. पलीकडच्या काठावर पिंपळकोठ्याच्या बाया आधीच कंबर कसून उभ्या होत्या. गौराई काठच्या उरल्यासुरल्या डोहात सोडली आणि तोफा सुटल्या. तुमच्या गावचे बैल लंगडे, तुमच्या विहिरी आटलेल्या, तुमचे जावई पेंगणारे. हेल्मीबाई घाबरल्या. पंडितने त्यांना काठाकाठाने बोट दाखवत समजावलं की दोन्हीकडे दोन्ही धर्मांच्या बाया आहेत, भांडण फक्त नदीचं आहे आणि उद्या सकाळी मिटेल. त्या मग इतक्या हसल्या की त्यांना वाळूत बसावं लागलं.

तेवढ्यात निंबखेड्याच्या बायांनी आपलं गुपित बाहेर काढलं. ताईबाई आणि हसीनाबीने तो नवा फळा दोन बाजूंनी धरून उलगडला. वर खडूने मोठ्या, वाकड्या, ठसठशीत अक्षरांत चार ओळी होत्या. यंदाची शिवी निंबखेड्याच्या बायांनी लिहून आणली होती.

पलीकडे चुळबुळ सुरू झाली. “काय लिखं शे?” म्हाताऱ्या विचारू लागल्या. शाळकरी पोरी वाळूत पुढे येऊन वाचून गेल्या आणि हसत सुटल्या, पण मोठ्याने म्हणायला एकही तयार होईना. शेवटी एका आजीबाईंनी फर्मान काढलं, “तो पंडित उभा शे ना. आपलाच आंडोर, आपलाच गावना पोऱ्या. त्याले वाचू द्या.”

पंडित पाहुण्यांसोबत नदीच्या मधोमध, वाळूत उभा होता. त्याने फळ्याकडे पाहिलं, आणि एसटीत झाला होता तसा लाल झाला. पण वाचलं. खणखणीत आवाजात, दोन्ही काठांना ऐकू जाईल असं.

“पिंपळकोठाना पंडित भाऊ
कागद दखीसन सन ठरावस,
आखाजी कव्हय शे हाई तेले
आमनी मास्तरीण समजाडस.”

कागद बघून सण ठरवणाऱ्या पंडितला मास्तरीण आखाजी शिकवते, हे ऐकून दोन्ही काठ हसून लोळले. पिंपळकोठ्याच्या बाया तर जास्तच. पण हसू ओसरल्यावर त्या आजीबाई फळ्याकडे बघत राहिल्या. “बठ्ठं तुम्हीच लिखं, चारी वळी?” त्यांनी पलीकडून विचारलं.

“आम्हीच,” ताईबाई म्हणाली. मान अशी ताठ, की डोक्यावर घागर असावी.

“मंग आमले बी शिकाडा. तुमनी मास्तरीण आमले द्या.”

“फुकट नही भेटाव,” हसीनाबी ओरडली, आणि पुन्हा शिव्या सुरू झाल्या.

जीप धुळ्याच्या रस्त्याला लागली. हेल्मीबाई मागच्या काचेतून दिसेनाशा होईपर्यंत हात हलवत होत्या. पंडित गाडीत बसला नव्हता. वाळूत एकटी फळा गुंडाळणाऱ्या द्वारकाजवळ तो आला आणि फळ्याचं मोकळं टोक धरलं.

“ओळी तुमच्या होत्या?” त्याने विचारलं.

“बायांच्या. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं.”

“माझं नाव कोणी सुचवलं?”

द्वारकाने काठीला आणखी एक वेढा दिला. फळा गुंडाळत गुंडाळत दोघं जवळ येत होते आणि दोघांनाही ते कळत होतं.

“द्वारकाबाई... आमच्या घरून आखाजीला कोणी माहेरी निघत नाही, म्हणालो होतो ना. पुढच्या आखाजीला कोणीतरी निघावं, असं फार वाटतंय.”

“कुठं निघावं?”

“लांब नाही. नदी ओलांडून.”

तिने वर पाहिलं. आज सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, नुसती धास्ती होती. तिला हसू आलं.

“आबांना येऊन विचारा. आणि दिवस ठरवायची वेळ आली तर मला विचारून ठरवा. तुमच्यावर सोडलं तर तुम्ही पोळ्याचा मुहूर्त काढाल.”

“म्हणजे... हो?”

पलीकडच्या काठावरून एकही बाई हलली नव्हती. आजीबाईंनी हाताची ओंजळ तोंडाशी धरून हाक दिली, “पंडित, मास्तरीण काय म्हने?”

पंडित द्वारकाकडे पाहू लागला. मग द्वारकाच वळली. नदीकडे तोंड करून, आखाजीच्या त्याच चढ्या आवाजात तिने उत्तर दिलं, आणि मागे निंबखेड्याच्या साऱ्या लेकी-सुना कान टवकारून उभ्या होत्या.

“येसू म्हने तुमना गावले. पन आखाजीले मी आठेच, या काठवर उभी ऱ्हासू.”