जितकं खरं, तितकीच

सासऱ्यांना भरवायला मी भाताची वाटी घेऊन वरच्या खोलीत गेले, तेव्हा टळटळीत दुपार होती. तरी पडदे ओढलेले. औषधांचा आणि ओलसर गादीचा वास.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचं प्रत्येक बोलणं खोटं ठरायचं. 'दिवे जाणार नाहीत' म्हणाले, की अंधार झालाच म्हणून समजायचं. आधी आम्ही हसलो. मग माझ्या नवऱ्याला त्यात सोय दिसली. ताट लांब धरून तो म्हणायचा, "बाबा, म्हणा, मला नोकरी लागणार नाही." भुकेने रडकुंडीला येऊन ते म्हणाले. नोकरी लागली.

त्या दिवशी आमची पोर दवाखान्यात तापाने फणफणत होती. नवरा तिच्या उशाशी होता. डॉक्टरांनी हात टेकले होते.

मी सासऱ्यांचे पाय धरले. "बाबा, एवढंच म्हणा... ती वाचणार नाही, म्हणा."

"आधी भरव, सूनबाई."

एकेक घास ते उरलेल्या एकुलत्या, झिजलेल्या दाढेखाली चघळत राहिले. वाटी संपली. त्यांनी ओठ पुसून घेतले आणि वाकडं तोंड माझ्या कानाशी आणलं.

"हे माझं वाक्य खोटं आहे," ते कुजबुजले. "ते जितकं खरं, तितकीच तुझी पोर जगेल."

"म्हणजे...? बाबा, म्हणजे काय?"

ते नुसते हसले. मी तिथेच फरशीवर बसले. वाक्य खोटं, तर ते म्हणाले तसंच झालं; मग ते खरं. खरं, तर पुन्हा खोटं. खोटं, म्हणून खरं... डोकं गरगरायला लागलं. वर पाहिलं, तर त्यांचे प्राण गेले होते. हसू तसंच. आता शब्द बदलून मागायचीही सोय उरली नव्हती.

फोन वाजला. नवऱ्याचा आवाज ओळखू येईना.

"तिचा श्वास थांबलाय..."

"गेली?"

"नाही गं... डॉक्टर म्हणतात, गेलीही नाही. अंग गरम आहे. डोळे उघडे आहेत..."

ती अजून तशीच आहे, पलीकडच्या खोलीत. छाती हलत नाही. केस मात्र वाढतात, मी विंचरते. नवरा केव्हाच घर सोडून गेला.

काल वेणी घालताना तिची त्या दिवसापासून आवळलेली डावी मूठ पहिल्यांदाच सैल झाली. आत दात होता. मी घाईघाईने तिचं तोंड उघडून पाहिलं. दुधाचे दात सगळे जागच्या जागी.

मुठीत होती ती दाढ... मोठी, झिजलेली. आणि मुळाशी रक्त अजून ओलं होतं.