टाके काढायच्या आधी

तो ड्रेसिंगच्या खोलीत शिरला तेव्हा उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला होता आणि चेहऱ्यावर भलत्याच वर्गात शिरलेल्या मुलासारखं ओशाळं हसू.

"फोटोफ्रेमचं दुकान आहे माझं," तो म्हणाला. "काच कापत होतो... तर काचेनंच मला कापलं."

तिनं हळूच टॉवेल सोडला. तळहातावर आडवी, खोल चीर. तिनं त्याला बोटं हलवायला लावली, वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांना, सरांना बोलावून हात दाखवला आणि मग टाके घालायला बसली. तो मान वळवून भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता मोठ्यानं वाचायला लागला.

"दुखतंय का?"

"तुम्ही बोलत राहिलात तर नाही दुखणार."

"काम करताना मी बोलत नाही."

"मग मी बोलतो. तुम्ही फक्त अधूनमधून रागवा."

तिला हसू आलं. मास्क होता म्हणून बरं!

खरं तर त्या दिवसांत तिला हसू फारसं येतच नसे. घरी बाबा डोळ्यांचे डॉक्टर, दादा हाडांचा, वहिनी दातांची. जेवणाच्या टेबलावर अख्खा माणूस कधी यायचाच नाही. सुट्ट्या भागांत यायचा. तिनंही डॉक्टर व्हायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं. ते ठरलेलंच होतं. परीक्षा तिनं झटपट दिल्या. पण इंटर्नशिप सुरू झाली, वॉर्डातली खरी माणसं समोर आली, आणि मनात शंकेनं घर केलं. एखादा पेशंट दगावला की बरोबरच्या मुली कोपऱ्यात जाऊन रडत. ही हात धुऊन पुढच्या पेशंटकडे जाई. मैत्रिणींनी तिचं नावच 'बर्फ' ठेवलं होतं. त्या गमतीत म्हणत, पण हिच्या ते जिव्हारी लागलं होतं. आपल्याला काहीच कसं वाटत नाही? मग आपण इथं करतोय तरी काय? इंटर्नशिप संपली की घरी सांगून टाकायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं... की आता बास.

फ्रेमवाला दिवसाआड ड्रेसिंगला यायचा. दुसऱ्या टेबलावर जागा असली तरी मागच्या माणसाला पुढे सोडायचा. "मला घाई नाही," म्हणायचा आणि तिचं टेबल मोकळं झालं की लगबगीनं येऊन बसायचा.

"आज रागावला नाहीत," एकदा तो म्हणाला. "काही बिनसलंय?"

आणि काय झालं कोण जाणे, जे घरी कुणाला सांगितलं नव्हतं ते तिनं त्याला सांगून टाकलं. पट्टी गुंडाळता गुंडाळता, खाली मान घालून.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी काही सल्ला देणार नाही. यात माझा स्वार्थ आहे. तुम्ही गेलात तर मी कुणाची बोलणी खायची?"

तिनं वर पाहिलं. तो हसत नव्हता.

त्या दिवशी तिच्या लक्षात आलं की जखम छान भरत आलीय... आणि त्याचा तिला चक्क राग येतोय. ती मनातल्या मनात ओशाळली. जखम भरली म्हणून खट्टू होणारी ही कसली डॉक्टर!

पुढच्या खेपेला तो आलाच नाही. त्यानंतर आला तो घामेजलेला, डोळे तांबारलेले. तिनं पट्टी सोडली. हात सुजून टम्म झाला होता आणि मनगटावरून एक लालसर रेघ वर कोपराकडे निघाली होती.

"या हातानं काम केलंत?"

"एक ऑर्डर अडली होती..."

"गप्प बसा!"

या वेळी ते रागावणं खरं होतं. तिनं धावत जाऊन सरांना आणलं, सलाईन लावलं, एक टाका उसवून आतला पू काढला. कुठंही चूक झाली नाही. त्याला वॉर्डात झोपवून ती चादरींच्या खोलीत गेली, दार लोटलं, आणि खाली बसली. मग मात्र घडीच्या चादरी एकेक उलगडून पुन्हा घडी घालत राहिली; बाहेर जायचा धीरच होईना.

घरी फक्त आईच डॉक्टर नव्हती. ती शाळेत गणित शिकवायची. संध्याकाळी तिच्याजवळ बसून ही म्हणाली, "आई, आज मला भीती वाटली. पण ती त्या माणसाला काही होईल म्हणून. बाकीच्यांचं काय? तसं काही मला वाटतच नाही गं."

आईनं चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं. 'तो माणूस' कोण, हे तिनं विचारलं नाही.

"नोकरीला लागले तेव्हा मला मुलं आवडायची नाहीत," ती म्हणाली. "गणित आवडायचं. मुलं म्हणजे नुसता गोंगाट."

"आणि मग?"

"मग काय! गणित नीट शिकवत राहिले. मुलं कधी आवडायला लागली, ते माझं मलाच कळलं नाही. तुला सोडायचं असेल तर खुशाल सोड, बाबांशी मी बोलेन. पण रडू येत नाही म्हणून सोडू नकोस. पेशंटला तुझे हात लागतात, रडणं नाही."

तो बरा होऊन घरी गेला. टाके काढायच्या दिवशी मात्र तिनं त्याला मैत्रिणीच्या टेबलावर पाठवलं आणि स्वतः वॉर्डात निघून गेली. तो दारात घुटमळला, म्हणे. मग गेला.

पुढच्या सुट्टीला ती त्याचं दुकान शोधत गेली. आत लाकडाच्या भुश्शाचा वास, भिंतीभर रिकाम्या चौकटी, आणि बाहेर रिमझिम.

"त्या बाईंनी टाके फार छान काढले," तिला पाहून तो म्हणाला. आवाजात रुसवा होता. "एकदाही रागावल्या नाहीत. अजिबात मजा आली नाही. माझं... काही चुकलं का?"

"चूक माझीच होती." तिनं ओला दुपट्टा झटकला. नजर त्या भुश्शावर. "ज्याची जखम भरू नये असं वाटायला लागलं, त्याची पट्टी मी कशी बदलणार?"

तो बघतच राहिला. मग हसू ओठांवरून डोळ्यांपर्यंत पसरत गेलं.

"म्हणजे... डॉक्टरकी सोडताय?"

"ठाऊक नाही. पण उद्यापासून मुलांच्या वॉर्डात ड्यूटी आहे." ती जराशी थांबली. "आणि मला जावंसं वाटतंय. सध्या एवढंच."

"एवढं पुष्कळ आहे." त्यानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, बाहीनं पुसून तिच्यापुढे ठेवलं. "बसा ना."

ती उभीच राहिली.

"आता मी तुमची डॉक्टर नाही," ती म्हणाली. "मग हे अहो-जाहो किती दिवस?"

तो कानापर्यंत लाल झाला. शर्टाची बाही उगाच दुमडत राहिला... मग खाली बघत, अगदी हळू म्हणाला,

"बस."

ती बसली.